हजीऱ्याहून जौऱ्यापर्यंत, पायी

मागच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सर्वधर्म शांतीयात्रेला जाऊन आले. ग्वाल्हेरच्या हजीऱ्यापासून मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्यापर्यंत, पाच दिवस, पायी. आल्यापासून जो तो विचारतोय की तिथे नक्की करतात तरी काय, भजनं म्हणतात का, भाषणं असतात का, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, चिटणिसांच्या गोठीजवळ आमचं घर. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली आणि तिचंच पुढे लष्कर झालं, तेव्हाच कधीतरी आमचे लोक आले म्हणतात. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. वय तेवीस, एम.एस्सी. झालंय, नोकरी शोधतेय.

ताईच्या मैत्रिणीनं फॉर्म पाठवला होता. नाव, पत्ता, रक्तगट, घरच्यांचा नंबर, रोज वीस किलोमीटर चालू शकाल का, असलं सगळं नेहमीचं, आणि शेवटी एकच वेगळा प्रश्न: धर्मावरून तुम्ही कुणाचं मन दुखावलंय का, किंवा तुमचं कुणी दुखावलंय का? खाली लिहिलं होतं, उत्तर इथे लिहू नका, सोबत घेऊन या. मी तो फॉर्म आठ दिवस तसाच ठेवला होता, कारण माझं उत्तर मला लगेच आठवलं होतं.

आई तयार नव्हती. थंडीचं, हायवेनं, कोण कुठले लोक, रात्री कुठे झोपणार. आजोबा पेपर वाचत होते, ते म्हणाले, "अगं जाऊ दे तिला, आपण तानसेनला दर वर्षी काय करतो?" ग्वाल्हेरबाहेरच्यांना हे सांगायला पाहिजे. तानसेन समारोह सुरू होतो त्या दिवशी सकाळी तानसेनच्या समाधीपाशी आधी सनई वाजते, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात, आणि तिथेच मौलाना मिलाद वाचतात. आजोबा मला लहानपणी स्वेटर-कानटोपी घालून न्यायचे. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. गोरखीत मन्सूर शाह अवलियांचं ठिकाण आहे, शिंदे घराणं त्यांना मानतं, महादजींचे ते गुरू, मूळचे बीडचे, हेही मला पाठ होतं. म्हणजे मी काही द्वेष करणाऱ्या घरातली नव्हे. आणि तरीही मी जे केलं ते केलं, ते पुढे येईल.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून नियम सांगितले. आम्ही अठ्ठावीस जण होतो, सर्वात लहान सतरा वर्षांचा, सर्वात मोठे एक सरदारजी काका, साठीच्या पुढचे. फोन दिवसभर बंद, रात्री घरी एक कॉल. जेवण शाकाहारी, आणि आमच्यात तिघं जैन होते म्हणून त्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत झालंच पाहिजे ही सगळ्यांची जबाबदारी, फक्त त्यांची नाही. नमाजच्या वेळी सगळे थांबणार. कुणाच्याही ठिकाणी गेलो की त्यांची जी रीत असेल ती बघायची, करायची जबरदस्ती नाही, पण कोपऱ्यात जाऊन गप्पा मारायच्या नाहीत. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून जोड्या, दिवसभर त्याच्याच सोबत चालायचं.

आणि रात्री ऐकण्याची पाळी. गोल बसायचं, ज्याची पाळी असेल तो दहा मिनिटं बोलणार, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही. समजूत घालायची नाही, "पण आमच्याकडे तर असं नसतं" म्हणायचं नाही, मान हलवून हो-हो सुद्धा करायचं नाही. दहा मिनिटं झाली की दोन मिनिटं मौन आणि मग पुढचा. हे ऐकताना मला अगदी सोपं वाटलं होतं. पाच दिवसांत सगळ्यात अवघड तेच गेलं, पायाला फोड आले ते त्यापुढे काहीच नाही.

पहिला दिवस हजीऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यापासून. तानसेनची समाधी त्याच आवारात, छोटीशी, आणि गौस साहेबांचा मकबरा केवढा मोठा, चारी बाजूंनी दगडी जाळ्या. मी तिथे किती वेळा गेलेय, पण समारोहाच्या गर्दीतच. रिकाम्या मकबऱ्यात सकाळी आठला उन्हाचे बारीक बारीक तुकडे जाळीतनं फरशीवर पडलेले होते आणि आम्ही सगळे त्यावर नुसते बसलो. या गौस साहेबांनी योगासनांवरचा एक जुना ग्रंथ फारसीत आणला होता, सोळाव्या शतकात, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. एवढी वर्षं आम्ही फक्त तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं खायची, गळा गोड होतो, एवढंच सांगत आलो.

तिथनं किल्ला चढून वर दाता बंदी छोड गुरुद्वारा. गुरू हरगोबिंदांना जहांगीरनं या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, माझ्याबरोबरचे बावन्न राजेही सुटले पाहिजेत. जहांगीर म्हणाला, जेवढे तुमच्या झग्याला धरून बाहेर पडतील तेवढेच. मग बावन्न टोकं असलेला झगा शिवून घेतला आणि एकेकानं एकेक टोक धरलं, अशी ती गोष्ट. मला यातलं ते शिवणं फार लक्षात राहिलं. कुणीतरी बसून बावन्न पट्ट्या शिवल्या असतील ना.

गुरुद्वाऱ्यात आम्ही आधी जोडाघरात चपला लावल्या, मग लंगरमध्ये भांडी. थाळ्यांचा एवढा मोठा ढीग, गरम पाणी, हात सुरकुतून गेले. जैन मुलांची डाळीत कांदा म्हणून अडचण झाली, तर सरदारजी काका स्वतः आत जाऊन पाचच्या आत गरम रोट्या आणि गूळ घेऊन आले आणि ती मुलं खाईपर्यंत शेजारी उभे राहिले. ती रात्र आम्ही तिथेच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरवाईच्या बाजूनं खाली उतरलो. हा भाग मला नीट लिहायचाय.

उरवाईच्या रस्त्याला कड्यातच कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, तोमर राजांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या, सगळ्यात उंच सत्तावन्न फुटांची. आपण गाडीतनं जाताना बघतो आणि पुढे जातो. पायी गेलं की त्यांच्या पायाच्या बोटाएवढे होतो आपण. आणि जवळ गेलं की दिसतं की कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, काहींचे नंतर चुन्यानं परत केलेले, अंगाचा दगड वेगळा आणि चेहरा वेगळा. बाबरानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की आपण या मूर्ती फोडायला सांगितल्या. म्हणजे यात वाद घालायला जागा नाही, झालंय ते झालंय.

तिथे आम्ही सगळे उभे, आणि आमच्यात सहा जण मुसलमान. कुणी काही बोलेना. मला वाटत होतं आता कुणीतरी पटकन काहीतरी चांगलं बोलावं, एकतेचं वगैरे, म्हणजे ही वेळ जाईल. यात्रा चालवणाऱ्या दीदींनी काहीच बोलायचं नाही असंच ठरवलेलं असणार, कारण त्या सरळ खाली बसल्या, मग आम्हीही बसलो. पंधरा-वीस मिनिटं. वर पोपटांचा कलकलाट आणि एका मूर्तीच्या कोपराच्या खाचेत कबुतर बसलेलं.

त्या रात्री पाळी एका जैन मुलाची होती, इंजिनिअरिंगचा, फार कमी बोलणारा. तो म्हणाला, लहानपणी वडील दर वर्षी इथे आणायचे आणि बोट दाखवायचे, हे नाक, हा हात, हे तोंड. आधी दर्शन नाही, आधी हे. मी देवाला बघायच्या आधी त्याची जखम बघायला शिकलो आणि मला आता दुसरं काही दिसतच नाही. तो रडला नाही, सपाट आवाजात बोलला. आणि आम्ही कुणी काही बोलायचं नव्हतं. दोन मिनिटं मौन.

त्यानंतरची पाळी भोपाळहून आलेल्या एका मुलीची, नर्सिंग शिकते. ती म्हणाली, शाळेत इतिहासात बाबराचा धडा आला की सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा. सर सुद्धा. सातवीत होते मी. घरी कुणाला सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शाळेत जायचं नाही एवढं करायचे. मग म्हणाली, आज सकाळी पण मला वाटलं तुम्ही सगळे बघताय, कुणी बघत नव्हतं, मला माहितीये, पण वाटलं.

मी तिच्या शेजारी बसले होते. माझा हात तिच्या पाठीवर जायला निघाला होता, तो मी आवरला, नियम होता. आणि तेव्हा मला कळलं की हा नियम का आहे. मी हात ठेवला असता तर तो तिच्यासाठी नव्हता, मला बरं वाटावं म्हणून होता. आपण कुणाचं दुखणं ऐकलं की लगेच काहीतरी करून ते मिटवायला बघतो. त्या रात्री ती दोन्ही दुखणी तशीच राहिली, शेजारी शेजारी, कुणी एकावर दुसरं ठेवून झाकलं नाही. मला वाटतं एकत्र जेवणं, एकमेकांच्या ठिकाणी जाणं हे आपल्याला जमतं, ग्वाल्हेरात तर पिढ्यान्‌पिढ्या जमलंय. हे नाही जमत.

सकाळी चिठ्ठ्यांमध्ये त्या दोघांचीच जोडी आली. मुद्दाम केलं असेल का माहीत नाही. वीस किलोमीटर बरोबर चालले ते.

त्याआधी, म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, लष्करात गोरखी आणि मग मुरारच्या एका चर्चमध्ये गेलो होतो, नाताळ नुकताच झालेला, गोठा अजून मांडलेला होता, तिथल्या फादरनी आम्हाला मेणबत्त्या दिल्या. तिसऱ्या दिवशी शहर सोडून आग्र्याच्या दिशेला लागलो. आता खरं चालणं. धुकं असं की पुढची जोडी दिसत नाही, ट्रकचे फक्त दिवे. ज्यांना जायचं असेल त्यांना सांगते, नवे शूज घालू नका, दोन मोजे घाला, एक पातळ एक जाड, आणि निघायच्या आधी तळव्याला व्हॅसलीन. मी नवे शूज घातले होते. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचांना फोड.

लहानपणची एक गोष्ट आठवत होती मला सारखी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्वाल्हेरहून हजारो माणसं जमिनीच्या हक्कासाठी दिल्लीकडे चालत निघाली होती, आदिवासी, भूमिहीन, बायका डोक्यावर बोचकी घेऊन. मी दहा वर्षांची, बाबांच्या स्कूटरवरनं बघितलं होतं. आग्र्याला सरकारनं त्यांच्याशी करार केला, ११ ऑक्टोबरला. तो हाच रस्ता. त्यातल्या कितीतरी बायका अनवाणी होत्या, आणि माझ्या पायात शूज असून मी लंगडत होते.

तिसऱ्या रात्री वाईट झालं. बामौरच्या पुढे एका गावात शाळेत राहायचं ठरलेलं होतं, फोनवर दोनदा बोलणं झालेलं. आम्ही पोचलो तेव्हा किल्ली मिळेना. आधी म्हणाले किल्लीवाला बाहेरगावी गेलाय, मग एकानं सरळ विचारलं, यात कोण कोण आहेत? दीदींनी सांगितलं, सगळे आहेत. तो म्हणाला, मग नाही जमणार. बस्स. सात वाजलेले, काळोख, थंडी चार-पाच डिग्री असेल, सहा मुली आमच्यात. मला इतका राग आला, मी पुढे होऊन बोलायला लागले तर दीदींनी माझा हात धरला आणि त्या माणसाला म्हणाल्या, ठीक आहे भैया, पाणी मिळेल का? त्यानं पाणी दिलं. हँडपंप त्यानंच मारला, आम्ही अठ्ठावीस बाटल्या भरल्या.

मग दोन किलोमीटर पुढे एका ढाब्यावाल्यानं खाटा दिल्या. ट्रक ड्रायव्हर लोक उठून बाजूला झाले, मुलींना आतली खोली दिली, पैसे घेतले नाहीत चहाचे. भोपाळची मुलगी रात्रभर जागी होती, मला माहितीये कारण मीही जागी होते. आम्ही काही बोललो नाही. पहाटे ती नमाजला उठली तेव्हा तिला वजूला थंडगार पाणी नको म्हणून ढाब्यातला भांडी घासणारा मुलगा स्वतःहून चुलीवरचं गरम पाणी घेऊन आला, चौदा-पंधरा वर्षांचा असेल.

चौथ्या दिवशी मुरैनाला पोचलो. दोन्ही बाजूंना मोहरी, नुसती पिवळी, धुकं उठलं की डोळे दिपतात. त्या रात्री माझी पाळी होती.

मी सांगितलं ते असं. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक टेलरचं दुकान आहे, त्यांची मुलगी माझी पहिलीपासूनची मैत्रीण. माझा शाळेचा युनिफॉर्म कायम तिच्या अब्बूंनी शिवला. वाढत्या अंगाची म्हणून स्कर्टला आत चार बोटं कापड दाबून ठेवायचे आणि दर जूनमध्ये थोडं उसवून द्यायचे, त्याचे पैसे घेत नसत. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक मेसेज फॉरवर्ड केला. कुणाच्या दुकानातनं घ्यायचं, कुणाला काम द्यायचं नाही, त्यातला. मला कुठनं तरी आलेला, मी पूर्ण वाचला सुद्धा होता, न वाचता पाठवला असं मी म्हणणार नाही. पाठवताना ती त्या ग्रुपवर आहे हे मला माहीत होतं आणि मला वाटलं की ती "त्यातली" नाही, ती तर आपली. दहा मिनिटांनी ती ग्रुप सोडून गेली. काही लिहिलं नाही. मी मेसेज डिलीट केला आणि तिला फोन केला नाही. एक दिवस गेला, मग आठवडा गेला, मग इतके दिवस झाले की आता कसं करणार असं झालं. त्यांच्या दुकानावरनं जायला लागू नये म्हणून मी तीन वर्षं लांबच्या गल्लीनं जातेय.

कुणी काही बोललं नाही. जाऊ दे म्हणालं नाही, वाईट केलंस म्हणालं नाही. दोन मिनिटं मौन. ती दोन मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही.

पाचवा दिवस जौरा, मधला रस्ता मला फारसा आठवतच नाही. तिथे महात्मा गांधी सेवा आश्रम आहे, सुब्बाराव यांनी काढलेला, सगळे त्यांना भाईजी म्हणायचे, २०२१ मध्ये गेले ते. चंबळमध्ये डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनात पायी फिरले, बागी मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग तुरुंगात होता, त्यानं त्यांना पत्र लिहून बोलावलं होतं, आणि वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. गागोद्याचा आपला माणूस बिहडात, चंबळच्या त्या दऱ्याखोऱ्यांत, चालत गेला, सोबत पोलिसी धाक नाही काही नाही. मग १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्यात मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर, गांधींच्या फोटोपुढे बंदुका ठेवल्या. फाशी होणार नाही एवढा शब्द होता, बाकी खटले झाले, शिक्षा झाल्या, पुढे कित्येक जण मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात होते.

तिथे आम्हाला जवळच्या गावचे एक आजोबा भेटले, त्या दिवशी ते दहा-बारा वर्षांचे होते, गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलं म्हणाले. आम्ही विचारलं काय आठवतंय. म्हणाले, बंदूक ठेवून झाल्यावर त्या लोकांना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. एक जण सारखा खांद्याला हात लावून बघत होता, पट्टा नव्हता तिथे.

संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना झाली, प्रत्येकानं आपापली म्हटली, मी आजोबांनी शिकवलेला हरिपाठातला एक अभंग म्हटला. सर्टिफिकेट वगैरे काही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं मुरैना, तिथे मी अर्धा किलो गजक, तिळगुळाची तिथली मिठाई, घेतली, आणि घरी.

दोन दिवस मी टेलरच्या दुकानाकडे गेलेच नाही. आईला वाटलं पाय दुखतायत. तिसऱ्या दिवशी गजकचा डबा घेऊन त्या गल्लीनं गेले. अब्बू मशीनवर होते, चष्म्यातनं वर बघितलं. मी जे वाक्य पाच दिवस तयार केलं होतं ते काही तोंडातनं येईना. ते म्हणाले, "नाप देना है?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "अम्मी ऊपर है."

मैत्रिणीच्या अम्मीला मी लहानपणापासून अम्मीच म्हणते. मी दारात उभी राहूनच म्हटलं, अम्मी, तो मेसेज मी पाठवला होता. ती म्हणाली, "मालूम है. लंगड़ा क्यों रही है?" मी सांगितलं चालत गेले होते जौऱ्याला. तिनं मला बसवलं, टाचा बघितल्या, फोड वाळले होते पण तळव्यांची आग होत होती, तर तिनं वाटीत मेंदी भिजवली आणि तळव्यांना थापायला लागली, एक शब्द न बोलता. मी रडत होते, तिनं रडू दिलं. अर्धी झाल्यावर हात पुसून तिनं फोन उचलला, व्हिडिओ कॉल लावला, माझी मैत्रीण आता पुण्यात नोकरीला आहे, आणि कॅमेरा माझ्या पायांकडे धरला.

तिकडनं तिचा आवाज आला, "ये किसके पाँव हैं?"

अम्मीनं उत्तर दिलं नाही. फोन माझ्या हातात दिला आणि वाटी घेऊन आत गेली. मेंदी ओली होती, वाळेपर्यंत मला तिथनं उठता येणार नव्हतं. मी म्हटलं, माझे.